भरती थांबली तेव्हा नेमकं कोणतं दार बंद झालं?

(बेंगळुरूमध्ये नोकरी शोधणाऱ्या मराठी भाषक तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय होता, 'एआय आपल्या नोकऱ्या खाणार का?' समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना अजून पहिली नोकरीच लागलेली नाही, म्हणून मी तो जरा बदलून घेते. नांदेड, बिदर, बेळगाव, वर्धा अशा ठिकाणांहून तुम्ही इथे आलात. तुमच्या सीनियर बॅचला कंपनीने एका दिवसात खंडीने उचललं आणि तुमच्या वेळी कंपनी कॉलेजात फिरकलीसुद्धा नाही. असं का झालं, आणि त्याची झळ सगळ्यांना सारखीच बसते का, एवढंच मी बोलणार आहे.

आधी आकडे. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १३ हजारांनी, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी आणि विप्रोची साडेचोवीस हजारांनी कमी झाली. तिन्ही मिळून सुमारे ६४ हजार. यातले बरेच जण आपणहून गेले, पण त्यांच्या जागी तेवढे नवे घेतले नाहीत. मग जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सहा लाखांवर असलेल्या माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करण्याचं जाहीर केलं. तो फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होता. टीव्हीवर चर्चा झाली ती या १२ हजारांची. दारातच अडकलेल्यांची बातमी होत नाही, कारण त्यांना कोणी कामावरून काढलेलं नसतं.

आता हा धंदा कसा चालतो ते बघा. आपल्या मोठ्या आयटी कंपन्यांनी वर्षानुवर्षं अमेरिका-युरोपच्या ग्राहकाला माणसांचे तास विकले. वर थोडे अनुभवी, महागडे लोक आणि खाली फ्रेशर्सचा मोठा थर. फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाख द्यायचे, त्याचे तास डॉलरमध्ये विकायचे. हा खालचा थर जितका रुंद तितका नफा जास्त. टेस्टिंग, सपोर्ट, जुन्या सिस्टीममधले बारीकसारीक बदल, रात्रपाळीत तिकिटं बंद करणं ही कामं तिथे शिकून घेता यायची. म्हणून कंपनीला हजारोंनी पोरं लागायची, आणि म्हणून ती तुमच्या तालुक्याशेजारच्या कॉलेजापर्यंत यायची. तो साडेतीन लाखांचा आकडासुद्धा बघून ठेवा. दहा-बारा वर्षांपूर्वी फ्रेशरला साधारण तेवढेच मिळायचे, आजही तेवढेच मिळतात. दरम्यान या शहरातलं भाडं आणि घराचं डिपॉझिट कुठे गेलं ते तुम्हाला माहीत आहे. (त्यात घरमालक 'व्हेज की नॉनव्हेज' विचारतो. तो प्रश्न जेवणाचा नसतो, हेही माहीत आहे.)

कोविडच्या काळात सगळं जग ऑनलाइन गेलं आणि २०२१-२२ मध्ये या कंपन्यांनी बेसुमार भरती केली. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढत गेले, ग्राहकांनी खर्च आवरला, प्रोजेक्ट पुढे ढकलले. घेतलेली माणसं बेंचवर बसली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, म्हणजे घसरण त्याआधीच लागली होती. एआयने काय केलं? तो खालचा थर जी कामं करायचा, नेमकी तीच कामं त्याने हलकी केली. आता ग्राहक म्हणतो, दहा माणसांचं काम सातांत करा आणि बिलही कमी लावा. म्हणजे मंदी संपली तरी तो जुना रुंद थर तसाच परत येईल, असं मला वाटत नाही.

मधल्या काळात पोरांचं काय झालं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरला दिसलं. इन्फोसिसने तिथल्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून बाहेर काढलं. तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीचं म्हणणं. त्यांतले बरेच जण २०२२ च्या बॅचचे होते. ऑफर लेटर हातात धरून दोन-दोन वर्षं थांबलेले.

दोन वर्षं थांबायची ऐपत कोणाकडे असते? वडील बँकेत, आई प्राध्यापक, शहरात स्वतःचं घर, असा मुलगा थांबतो. तो बिनपगारी इंटर्नशिप करतो, जीआरई देतो, बाहेर एम.एस.ला जातो. त्याच्या रेझ्युमेत ती दोन वर्षं रिकामी दिसत नाहीत. आपली मुलं थांबू शकत नाहीत. शिष्यवृत्तीने फी भरली, पण खोलीभाडं आणि मेसचे पैसे आईने बचत गटातून उचललेले असतात. मग मुलगा कॉल सेंटरला लागतो, डिलिव्हरी करतो, गावाकडे सोयाबीन काढायला जातो. पुढच्या मुलाखतीत समोरचा विचारतो, 'दोन वर्षांचा गॅप का?' मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, म्हणून सांगते: गॅपवर ज्यांना नाकारलं जातं त्यांत बहुतेकदा घर चालवणारी मुलं असतात.

आणि गावाला तर आधीच सांगून झालेलं असतं, पोरगी बेंगळुरूला कंपनीत आहे म्हणून. आई फोनवर विचारते, 'कॉल आला का गं?' आपण म्हणतो, 'प्रोसेस चालू आहे.' ही 'प्रोसेस' किती घरांत चालू आहे, ते हात वर करायला न सांगताही मला कळतं.

आता मूळ मुद्दा. ती घाऊक भरती आपल्या प्रेमापोटी नव्हती, कंपनीला डोकी हवी होती. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत साठ टक्क्यांची अट होती. मराठी शाळेतून येऊन अकरावी-बारावीत एकदम इंग्रजीत विज्ञान शिकताना ज्याचे मार्क घसरले, तो तिथेच बाद. तरीही त्या भरतीत एक गोष्ट होती. कॉम्प्युटरवर परीक्षा, हजारो उमेदवार आणि दहा-पंधरा मिनिटांची मुलाखत. एवढ्या गर्दीत तुमचे वडील काय करतात, तुम्ही कोणाचे कोण, हे विचारायला कोणाकडे वेळच नव्हता. आपल्यातले जे आज या क्षेत्रात आहेत, त्यांतले किती तरी त्याच दारातून आत आले. मीही त्याच दारातून आले.

बंद होत आहे ते हे दार. बाकीची दारं उघडीच आहेत. परदेशी कंपन्यांची भारतातली केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती वाढत आहेत. नॅसकॉमच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार अशी सतराशेहून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. पण ती अनुभवी माणसं घेतात, आणि फ्रेशर घेतलेच तर नामवंत कॉलेजांतून. स्टार्टअपमध्ये ओळखीने जातात. बाकी सगळीकडे रेफरल. आतला माणूस आपल्या ओळखीच्याचं नाव देतो आणि तो लागला तर आतल्याला बोनस मिळतो. कोणीही जातीवाचक शब्द उच्चारत नाही. फक्त ज्याच्या फोनमध्ये शाळेचे मित्र, सोसायटीतले शेजारी, मावसभाऊ असे पन्नास आयटीवाले आहेत, त्याचा रेझ्युमे वर जातो. तुमच्या फोनमध्ये किती आहेत? याला ते 'कल्चर फिट' म्हणतात.

मी हे हवेत बोलत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून पाहिलं. ते सगळे मेरिटच्या बाजूने होते, आणि उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतो, हेही त्यांनी सहज सांगितलं. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. २००६ च्या सुमारास ती मागणी जोरात आली तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता पुढे केली, आणि प्रकरण तिथेच निवलं.

मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. गिरणीचं फाटक सगळ्यांना उघडं, पण चांगल्या पगाराचं खातं बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. उद्योग वाढतोय की घटतोय एवढंच विचारून भागत नाही. त्यातल्या कोणत्या खात्यात कोण, हे विचारावं लागतं.

मग करायचं काय? 'अपस्किल करा' हे तुम्हाला रोज दहा लोक सांगतात, त्यातले आठ कोर्स विकत असतात. मी जे आतून बघते तेवढंच सांगते.

पैसे देऊन 'बॅकडोअर' एंट्री देणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपया देऊ नका. बेंगळुरू, पुणे, हैदराबादच्या अमीरपेठेत हा धंदा जोरात आहे. खोटा अनुभव लावून घेतलेली नोकरी पार्श्वभूमी तपासणीत जाते, आणि वर काळ्या यादीचा शिक्का बसतो. कर्ज मात्र आईच्या नावावर राहतं.

रेझ्युमेतला गॅप लपवू नका. कॉल सेंटरचं काम केलंत तर लिहा. चिडलेल्या ग्राहकाशी इंग्रजीत बोलून प्रश्न सोडवणं हे सपोर्टच्या टीमला हवंच असतं. प्रोजेक्ट एकच असू दे, पण त्यातली प्रत्येक ओळ समजावता आली पाहिजे. एआयकडून लिहून घेतलेले चार प्रोजेक्ट मुलाखतीत पाच मिनिटांत उघडे पडतात. दुसऱ्याने लिहिलेला, बिघडलेला कोड वाचून चूक शोधता येते का, हे आम्ही आता जास्त बघतो. ते फुकट शिकता येतं, फक्त वेळ लागतो.

जिथे आरक्षण आहे त्या जागा सोडू नका. बँकांच्या आयबीपीएस स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी ऑफिसरची पदं असतात. गेटच्या गुणांवर काही सरकारी कंपन्या घेतात. आपली मुलं 'मला सॉफ्टवेअरच करायचंय' म्हणून तिकडे बघतच नाहीत. बँकेतलं सॉफ्टवेअरही सॉफ्टवेअरच असतं.

जे नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: एचआरने खोलीत बसवून 'आत्ता राजीनामा लिहा' म्हटलं तर त्या दिवशी सही करू नका. वेळ मागा, आणि काय झालं ते स्वतःच्या ईमेलवर लिहून ठेवा. राजीनामा दिला की तुम्ही कपातीत मोजलेच जात नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची तरतूद आहे. 'तुम्ही कामगार नाहीच' असं ते म्हणतील. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, हे न्यायालयं बघत आली आहेत. इथे कर्नाटकात किटू ही आयटी कर्मचाऱ्यांची युनियन आहे, पुण्यात नाइट्स आहे. म्हैसूरच्या मुलांची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेली ती नाइट्सने.

शेवटचं, मागे उभ्या असलेल्या नोकरदारांसाठी. आपल्यातले काही जण ऑफिसात आडनाव सांगायचं टाळतात. त्याची कारणं मला माहीत आहेत, मी कोणाला दोष देत नाही. पण रेफरलचा फॉर्म भरायला आडनाव उघड करावं लागत नाही. वर्षाला दोन नावं द्या. नाव देण्याआधी त्या मुलाला तासभर मुलाखतीचा सराव द्या, म्हणजे तुमचाही शब्द खाली पडणार नाही. दारापाशी वही ठेवली आहे. नोकरीत असलेल्यांनी कंपनी आणि कोणत्या कामासाठी रेफर करू शकता ते डाव्या पानावर लिहा. शोधणाऱ्यांनी उजव्या पानावर नाव, पदवी आणि काय येतं ते लिहा. जेवणानंतर आपण दोन्ही पानं जुळवायला बसू. ज्यांनी रेझ्युमेच्या प्रती आणल्यात त्यांनी पुढच्या टेबलापाशी या, मी चार वाजेपर्यंत इथेच आहे.