अर्ध्या वाक्याची जखम

अडचणीचं उत्तर टाळायचं असलं की मराठी माणूस ‘नरो वा कुंजरो वा’ करतो. आपल्या तोंडी इतकं रुळलेलं हे वाक्य महाभारतात मात्र दोघांचं आयुष्य पोखरून गेलं: एक ते बोलणारा युधिष्ठिर, दुसरा ज्याच्याविषयी ते बोललं गेलं तो अश्वत्थामा.

युद्धाचा 15वा दिवस. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला होता. आपला मुलगा गेला का, हे द्रोणांनी युधिष्ठिरालाच विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. ‘मेला’ हे त्यांना ऐकू आलं, ‘हत्ती’ त्यानं पुटपुटला. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणांनी शस्त्र ठेवलं आणि पांडवांच्या बाजूच्या धृष्टद्युम्नानं त्यांचं मस्तक उडवलं.

पुढे येणारं सौप्तिकपर्व छोटंसं, पण वाचताना काटा येतो. युद्ध हरल्यावरच्या रात्री वडाखाली अश्वत्थाम्याला झोप नाही. वर फांद्यांत एक घुबड झोपलेल्या कावळ्यांचा फडशा पाडत असतं. अश्वत्थाम्याचा बेत तिथंच ठरतो. मामा कृपाचार्य विनवतात, आता झोप, सकाळी लढू. तो ऐकत नाही. पांडवांच्या छावणीत शिरून तो धृष्टद्युम्नाला अंथरुणातच तुडवतो. निदान शस्त्रानं मार, ही त्याची याचनाही धुडकावतो.

बापाचा सूड इथं पुरा झाला होता. तरी हात थांबत नाही. द्रौपदीची पाचही मुलं मारली जातात. द्रोणांच्या मृत्यूशी त्या पोरांचा काय संबंध? नंतर तर पांडवांची सून उत्तरा हिच्या पोटातल्या गर्भावरही त्याचं अस्त्र सुटतं. कृष्ण त्या गर्भाला जीवदान देतो आणि अश्वत्थाम्याला शाप: 3000 वर्षं एकट्यानं भटकायचं, अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी घेऊन.

आणि जिंकलेला युधिष्ठिर? शांतिपर्व उघडतं तेच त्याच्या शोकानं. कर्ण थोरला भाऊ होता हे उशिरा कळलेलं. त्याला राज्य नको, वनात जायचंय. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, सगळे समजावतात तेव्हा कुठे तो सिंहासनावर बसतो. द्रोणांशी केलेलं कपट मात्र पाठ सोडत नाही. त्यापायी स्वर्गात पोचल्यावरही त्याला नरक पाहावा लागतो.

आणि शापित अश्वत्थामा? नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत आदिवासी भाविक तिथं यात्रेला चढतात. अश्वत्थामा अजून या रानात फिरतो आणि वाटेत भेटणाऱ्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो, असं तिथले लोक सांगतात.