‘यदृच्छया’ या शब्दाचा चकवा

एखाद्या थांब्यावरून दर २० मिनिटांनी बस सुटते. वेळापत्रक ठाऊक नसलेला उतारू तेथे येतो. त्याला १५ मिनिटांहून अधिक खोळंबावे लागण्याचा संभव किती? त्याच्या येण्याचा क्षण या २० मिनिटांत कोठेही सारख्याच शक्यतेने पडतो असे मानले, की प्रश्न केवळ लांबी मोजण्याचा उरतो. आधीची बस सुटल्यानंतर पहिल्या ५ मिनिटांत येणाऱ्यालाच इतके थांबावे लागते. म्हणून संभाव्यता ५ भागिले २०, म्हणजे एक चतुर्थांश. गणितज्ञ यालाच एकसमान वितरण म्हणतात. अनुकूल भागाला संपूर्ण भागाने भागावे, एवढेच त्याचे सूत्र.

परंतु या सोपेपणातच एक चकवा दडलेला आहे. जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ साली तो उघड केला. वर्तुळाच्या परिघावरील दोन बिंदू जोडणारी रेषा म्हणजे जीवा. यदृच्छया काढलेली जीवा ही वर्तुळात नेमक्या बसणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या बाजूहून मोठी असण्याचा संभव किती?

जीवेचे एक टोक त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर स्थिर ठेवून दुसरे परिघावर कोठेही पडू दिले, तर उत्तर एक तृतीयांश. कारण त्रिकोण परिघाचे तीन समान भाग करतो आणि समोरच्या भागात पडलेले टोकच मोठी जीवा देते. जीवेचा मध्यबिंदू एखाद्या त्रिज्येवर कोठेही पडू दिला, तर उत्तर एक द्वितीयांश. कारण त्रिकोणाची बाजू केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर असते. तोच मध्यबिंदू वर्तुळाच्या सबंध क्षेत्रावर कोठेही पडू दिला, तर अर्ध्या त्रिज्येच्या आतील वर्तुळाचे क्षेत्रफळ चौथाई असल्यामुळे उत्तर एक चतुर्थांश.

प्रश्न एक, उत्तरे तीन, आणि हिशेबात चूक कोठेही नाही! उणीव आहे ती प्रश्नात. ‘यदृच्छया’ म्हणजे नेमके कसे, हे त्यात सांगितलेलेच नाही. १९७३ साली एडविन जेन्स या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने दाखविले, की लहान वर्तुळावर दुरून लांब काड्या टाकल्या, तर एक द्वितीयांश हेच उत्तर मिळते. कृती निश्चित होताच उत्तरही निश्चित झाले.

काही ठाऊक नाही, म्हणून सर्व शक्यता समान, असे म्हणणे सोयीचे असते. परंतु ते ज्ञान नव्हे, गृहीत आहे. उतारू दररोज एकाच आगगाडीतून उतरून थांब्यावर येत असेल, तर त्याच्यापुरते ते एक चतुर्थांश निरर्थक ठरते. म्हणून भागाकारापूर्वी विचारावे: समान पसरले आहे ते नेमके काय, आणि ते कशावरून?