वस्ती सुधारावी, माणसेही राहावीत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मुसी नदीच्या 1908 च्या महापुरानंतर निजाम सरकारने 1912 मध्ये आराइश-ए-बलदा, म्हणजे शहर सुधार मंडळ, स्थापन केले. या मंडळाने आपल्या नामपल्ली-मल्लेपल्ली भागातल्या दाट वस्त्या हटवून हवेशीर घरे बांधली. काम मोठेच होते. पण वस्ती सुधारताना एक प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे: सुधारलेल्या वस्तीत जुना रहिवासी उरतो का?

याच हैदराबादने पुढे त्याचे उत्तरही शोधले. 1967 मध्ये इथे नागरी समाजविकास प्रकल्प सुरू झाला. त्यातून बस्तीतल्या लोकांना राहत्या जागेचा पट्टा आणि घरासाठी कर्ज मिळू लागले. घर ज्याचे त्याने बांधायचे. युनिसेफ आणि ब्रिटिश सरकारनेही हातभार लावला. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. हातात पट्टा आला की माणूस किती निर्धास्त होतो, हे आम्ही जाणतो.

पुण्यात येरवड्यालाही असेच घडले. तिथे पक्की घरे तशीच ठेवून कच्ची घरे त्याच जागी बांधली. पैसा मुख्यतः सरकारचा, थोडा वाटा कुटुंबाचा. पण घरोघर फिरून पाहणी करणे, नकाशे समजावणे हे काम स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी केले. देणगीचा खरा उपयोग अशा कामात होतो.

देणे आपल्याला नवे नाही. 1907 मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी समाजाच्या आधारावरच वाढली. आपल्याच नामपल्लीच्या नुमाइशच्या उत्पन्नातून शाळा-कॉलेजे चालतात.

म्हणून आम्ही सुचवतो, की वर्गणीतला काही भाग गल्लीसाठी ठेवावा. पण कमान आणि रंगरंगोटी नंतर. आधी कागदपत्रांसाठी मदत द्यावी. घराचे काम चालू असताना कुटुंबाला तात्पुरत्या जागेचे भाडे द्यावे. आणि घरमालकाला दुरुस्तीसाठी पैसे देताना जुना भाडेकरू ठरावीक वर्षे त्याच भाड्यात राहील, असे लिहून घ्यावे. नाहीतर आपल्या देणगीने भिंत उजळेल, भाडे वाढेल आणि आपल्या मांडवात फुले, विजेच्या माळा लावणारी माणसेच शहराबाहेर जातील.

बाप्पाला आपण दरवर्षी पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. तो येईल तेव्हा आरतीला शेजारी तेच असावेत, एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!