जनरल रजिस्टरमधला एक रकाना
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाचे जुने गाव आहे. शहर त्याच्या चहूबाजूंनी वाढले आणि गाव शहराच्या पोटात राहिले. १९६९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ त्याच्या शेजारीच आहे. मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांमध्ये महाराष्ट्रातील खेड्यांतून गेलेली मुले राहतात, तशीच मणिपूर-नागालँडची मुलेही राहतात. ईशान्येकडील विद्यार्थ्यांना त्यांच्या चेहरेपट्टीवरून या देशाचेच नागरिक मानले जात नाही, ही राजधानीतील जुनी व्यथा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने इतर उपायांबरोबर शालेय अभ्यासक्रमाकडेही बोट दाखवले. जी माणसे पाठ्यपुस्तकात कधी भेटली नाहीत, ती रस्त्यात भेटल्यावर परकी वाटतात.

चेहऱ्यावरून होणारा भेद आणि आडनावावरून होणारा भेद एकच नव्हे. परंतु दोन्ही शाळेच्या उंबरठ्यावर येऊन थांबतात किंवा आत शिरतात. महाराष्ट्राला हे फार पूर्वी उमगले. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. पुढे १९१३ मध्ये एक मराठी तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही अभ्यासणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी तेथील चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचे मूळ वंशात वा रंगात शोधणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांचे म्हणणे त्यांनी त्यात मान्य केले नाही.

या संशोधकाची शाळा त्याच्या विषयापासून वेगळी नव्हती. साताऱ्यात शिकताना त्याला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला घरून आणलेले गोणपाट. ते संध्याकाळी परत घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

१९२८ साली सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन सादर करताना बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा इतिहासच मांडला. त्यात १८५६ सालचे धारवाडचे प्रकरण आहे. एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. एकासाठी इतरांची शाळा ओस पडेल, या भयाने मुंबई सरकारने तो मानला नाही. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांसाठी असल्याचे स्पष्ट केले. तरीही शेकडो वर्गांतील मुले पुढे कित्येक दशके ओसरीवरच बसली. १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. दार उघडणे आणि आत बाक मिळणे यांत किती अंतर असते, हे या सालांवरून कळते.

आज राज्यघटनेचे सतरावे कलम आहे, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे, गोणपाट गेले आहे. तरीही मुनिरक्यातील एखादी संशोधक विद्यार्थिनी वही घेऊन या शाळेत आली, तर ती काय विचारील? ती निकालाचा फलक पाहणार नाही. वर्ग कोण झाडते, फळ्यावर कोणाला बोलावले जाते, स्नेहसंमेलनात राजाची भूमिका कोणाला आणि भालदाराची कोणाला, हे ती टिपून घेईल. मग ती जनरल रजिस्टर मागेल. त्यात जातीचा रकाना आहे आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिण्याचाही रकाना आहे. हे दोन रकाने शेजारी ठेवून तिने साठ वर्षे वाचली, तर जे दिसेल त्याला उत्तर शाळेलाच द्यावे लागेल.

स्मरणिकेत गुणवंतांची यादी असते, ती असावीच. परंतु मध्येच शाळा सोडलेल्यांची यादी कोणत्याही स्मरणिकेत नसते. माजी विद्यार्थीहो, वर्गातून एके दिवशी नाहीसा झालेला तुमच्या बाकावरचा सोबती आठवून पाहा. त्याचे नाव, इयत्ता आणि ठाऊक असल्यास कारण कार्यालयात कळवा. त्याच्या घरातील मूल आज कोठे शिकते, हे विचारण्यासाठी शाळेने त्या दारापर्यंत जावे. पालकांनीही आपल्या मुलाला आज एवढेच विचारावे: तुझ्या शेजारी कोण बसते, आणि कोणाच्या शेजारी कोणीच बसत नाही?

हीरक महोत्सवाचा खरा हिशेब त्या उत्तरात आहे.