चार्जर नव्हे, बॅटरी ठरवते



महामार्गावर विजेची मोटार चार्जिंगला लावली,
की बॅटरी आधी भराभर भरते.
साधारण ८० टक्क्यांनंतर मात्र आकडा रेंगाळतो.
चार्जर बिघडला, असं वाटतं.
तो बिघडलेला नसतो.
वीज किती घ्यायची, हे चार्जर नव्हे, बॅटरी ठरवते.

गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडून पाहा.
आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत
खाली दोन जाड पिना दिसतात.
जलद चार्जिंगची वीज त्यांतून आत येते.
वर दोन बारीक पिना असतात.
त्या वीज नेत नाहीत. त्या निरोप देतात.
प्लग नीट बसला का?
बॅटरीला आत्ता किती वीज हवी?
उत्तर मिळाल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही.
मला या रचनेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण बॅटरी हात आखडता का घेते?
चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात.
एसटी भरत आली, की चढायला वेळ लागतो, तसंच इथे होतं.
घाई केली, तर लिथियम आत न जाता पृष्ठभागावरच साचतं.
बॅटरीचं ते नुकसान सहसा भरून येत नाही.
म्हणून आधी प्रवाह स्थिर ठेवतात.
मग व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह उतरू देतात.
पुन्हा सांगते, वेग बॅटरी ठरवते.

लांबच्या प्रवासात ८० टक्क्यांनाच निघा.
वेळ वाचेल.
उरलेलं रात्री घरी सावकाश भरा.
मात्र त्याआधी
वायरमनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या.