दिवसाची वीज आणि दिवेलागणीची वेळ
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई विजेवर काय बोलणार, असे काहीजणींच्या मनात आलेच असेल. पण वीज गेली म्हणजे वाटणाचे काय करायचे, हे घरात कोण ठरवते? म्हणून बोलते.

आपल्या शेजारी ठाकुर्लीला रेल्वेचे चोळे पॉवर हाऊस होते. तिथे कोळसा जाळून वीज होई आणि तिच्यावर गाड्या धावत. ते केव्हाच बंद झाले. आता उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेचे दिवस आले आहेत. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. साऱ्या देशात २०१४ साली सौर विजेची क्षमता तीन हजार मेगावॉटच्या आत होती, ती २०२५ च्या जानेवारीअखेर एक लाखाच्या वर गेली!

यात एक गोम आहे. क्षमता म्हणजे डब्याचा आकार. आत पीठ किती, ते वेगळे. २०२४-२५ साली प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतले चारांतले सुमारे तीन भाग कोळशाचेच होते.

वाळवणे घालणाऱ्या बाईला याचे कारण सांगायला नको. कुरडया आपण वैशाखात घालतो, आषाढात नाही. आणि घरात वीज जास्त लागते केव्हा? ऊन गेल्यावर, कामावरची माणसे गाडीतून उतरून घरी आली म्हणजे. पापड डब्यात भरून ठेवता येतात. वीज झाली की त्याच क्षणी वापरावी लागते. वाऱ्याचा थोडा हातभार लागतो, कारण साताऱ्याच्या पठारावर तो ऐन पावसाळ्यात जोर धरतो. पण वाऱ्याचा भरवसा कोणी द्यावा?

साठवणीची एक युक्ती आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला आहे. शहापूर तालुक्यात चोंढे येथे खालचे धरण, घाटमाथ्यावर घाटघरला वरचे. मागणी कमी असताना विजेने पाणी वर चढवायचे आणि गर्दीच्या वेळी तेच खाली सोडून वीज काढायची. २५० मेगावॉटचे हे काम २००८ साली सुरू झाले. चढवायला लागते तितकी वीज परत मिळत नाही, पण वेळेला मिळते. दुपारच्या उन्हाची वीज अशा कामी लावली, तर कोळसा खरोखर वाचेल.

आता आपल्या गच्च्या. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी घराला ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामाईक कामाला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरले. आमच्या इमारतीत विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग वाळवणे कुठे घालायची?" पुरुषमंडळी हसली. मला तो प्रश्न रास्त वाटला. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा जाते. चौकट उंच बांधली तर खाली वावरता येते, पण खर्च वाढतो आणि सावलीत कुरडया वाळत नाहीत. आमचे अजून ठरायचे आहे. चाळीतल्या मैत्रिणींना तर स्वतःची गच्चीच नाही. अनुदान गच्चीवाल्यांच्याच दारी जाते, हे मला खटकते.

पाण्याचा पंप मात्र बहुतेक सगळ्यांकडे आहे. तो पुष्कळ ठिकाणी दिवेलागणीलाच लावतात. टाकीत पाणी साठते, म्हणजे ती आपली घाटघरची धाकटी बहीणच! ज्यांचा पंप संध्याकाळी चालतो त्यांनी त्याची वेळ लिहून आणावी. नळाला पाणी येण्याच्या वेळा पाहून तो दुपारी कुठे कुठे लावता येईल, ते पुढच्या सभेत इमारतवार बघू.