चित्रकलेचा तास
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेत गेल्यामुळे वेळ पाळायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी.

माझी लेक जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. तिने आणि तिच्या पाच मित्रमैत्रिणींनी मिळून ठाण्यात, कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात चित्रं आणि शिल्पांचं प्रदर्शन भरवलं. जहांगीर आर्ट गॅलरी म्हटलं की तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. विद्यार्थ्यांना तेवढा धीर कुठला? शिवाय सहापैकी चौघं ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची. मुलं म्हणाली, आपल्या माणसांना आपल्याच गावात दाखवू.

मी हमालीला होतो. चित्रं आपल्या लोकलच्या मालडब्यातून आली, शिल्पांना मात्र टेम्पो करावा लागला. तोपर्यंत पुतळा कसा होतो हे मला ठाऊक नव्हतं. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. मग मातीवर प्लास्टरचा साचा. त्याचा पहिला थर मुद्दाम रंगीत करतात. साच्यात ओतकाम झालं की वरचं प्लास्टर छिन्नीने फोडायचं. रंग दिसला की समजायचं, शिल्प जवळ आलं, आता हात हलका. हे मला लेकीने घरच्या गॅलरीत बसून शिकवलं. सगळं घर पांढरं झालं होतं, पण ते तिच्या आईने सांगावं.

तिचं शिल्प होतं ओला कपडा पिळणारे दोन हात. बाकी काही नाही, मनगटापर्यंतचे हात आणि पिळलेलं कापड. आठवडाभर मी अभिप्रायाच्या वहीपाशी बसलो. लोक यायचे, ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘शुभेच्छा’ लिहून जायचे. मीही आजवर दुसऱ्यांच्या वहीत तेच लिहीत आलो.

चौथ्या दिवशी सकाळी लादी पुसणाऱ्या मावशी त्या हातांसमोर थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, “ताई, असं धरलं तर पाणी राहतं कपड्यात. दोन्ही तळवे खाली कसे? एक वर लागतो, एक खाली. तेव्हा पीळ बसतो.” आणि हातातलं फडकं पिळून दाखवलं. बादलीत धार लागली.

बाप म्हणून मला जरा लागलं. सहा महिन्यांची मेहनत होती हो. लेकीने मात्र वही काढली, मावशींना पुन्हा पिळायला सांगितलं आणि उभ्या उभ्या तीन रेखाटनं केली. प्रदर्शन संपल्यावर तिने ते हात नव्याने मातीत घेतले. आठवडाभरात दोन चित्रं विकली गेली, शिल्प एकही नाही. तरी ती म्हणते, आपलं काम खरं बघणारं माणूस भेटलं, प्रदर्शन भरवल्याचं सार्थक झालं.

त्या रात्री मला आपले चित्रकलेचे सर आठवले. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. सर आपल्याला वर्गाबाहेर नेऊन पाण्याचा नळ काढायला लावायचे. आपण नजर न टाकताच काढायचो. सर म्हणायचे, “हा तुझ्या डोक्यातला नळ आहे. समोरचा काढ.” एलिमेंटरीला बसलेल्यांना आठवत असेल.

सर, एक कबुली द्यायची आहे. नववीत मी मॉनिटर होतो. सहामाहीनंतर गणिताचा पोर्शन मागे पडला, म्हणून चित्रकलेचा तास गणिताला द्यावा, असा अर्ज मी लिहिला आणि वर्गाच्या सह्या घेतल्या. सगळ्यांनी केल्या. तुम्ही तो वाचलात, ‘बरं’ म्हणालात आणि कागदाची गुंडाळी बगलेत धरून व्हरांड्यातून निघून गेलात. वर्षभर तो तास परत आला नाही. गणितात मार्क मिळाले, नोकरी लागली. पण बघायचं कसं, हे शिकायला मला पुढची चाळीस वर्षं लागली, तेही एका मावशींकडून आणि पोटच्या पोरीकडून. सर, मला माफ करा.

दोस्तांनो, पाहुणे आले की आपण गेटवेला नेऊन शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दाखवतो. १९६१ साली उभा राहिलेला तो पुतळा घडवला आपल्या कल्याणच्या सदाशिव साठे यांनी, म्हणजे भाऊ साठे यांनी. ग्वाल्हेरची झाशीची राणीही त्यांचीच. २०२१ मध्ये भाऊ गेले. त्यांचं शिल्पालय डोंबिवलीत एमआयडीसीत आहे, रिक्षाच्या अंतरावर. आपल्यातले किती जण आत गेलो आहोत? मी स्वतः लेक जे. जे.ला लागल्यावर पहिल्यांदा गेलो. तेव्हा हात कोणी वर करू नका, लाज मला एकट्यालाच पुरे.

आता मागणं. बॅचच्या निधीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं चाललं आहे, जरूर द्या. त्यातले थोडे पैसे चित्रकलेच्या वर्गासाठी बाजूला काढा. शाडू, कागद, रंग आणि वर्षातून एकदा शिल्पालयाची सहल, एवढंच. मुलांची कामं जिन्याच्या भिंतीवर लावायची जबाबदारी माझी, हमालीचा अनुभव आहे.

आणि कुठे विद्यार्थ्यांचं प्रदर्शन दिसलं, तर दहा मिनिटं आत जा. वहीत नुसतं ‘छान’ लिहू नका. काय दिसलं ते लिहा. चुकलेलं दिसलं, तर तेही सांगा. पोरं रागावत नाहीत, बाप रागावला तर रागावू द्या.

सर, जिन्याच्या भिंतीवरचं पहिलं चित्र तुमच्या हाताने लावू या. मी शिडी धरतो.